भैरूचा घास

वासुदेवशास्त्र्यांचं वर्षश्राद्ध आटोपलं आणि दुपारीच भैरूचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. रामघाटावरून शास्त्रीबुवांच्या मागे मागे आलेला हा कुत्रा पुढे घरचाच होऊन गेला होता. आता बिचाऱ्याला बसवेना की उभं राहवेना, नुसता कण्हत होता. शास्त्रीबुवांच्या पत्नी शरदिनीबाईंनी तान्ह्या लेकराला लावावा तसा त्याच्या पोटाला कोमट हिंग चोळला, पण उतार पडेना. शेवटी त्यांनी गल्लीतल्याच निमिषला बोलावलं. तो जनावरांचा डॉक्टर.

निमिषने पोट चाचपलं, इंजेक्शन दिलं. हळूहळू भैरूचं कण्हणं थांबलं.

"काकू, काय खाल्लंय यानं?"

"श्राद्धाचा कुत्र्याचा घास काढतात ना, तोच. खीर आणि वडे."

"एका घासाने एवढं?"

"खीर ह्यांच्या आवडीची केली होती. हा ताट चाटूनपुसून माझ्या तोंडाकडे बघायचा, मी परत वाढायची. पातेलं संपलं."

"अहो, त्याला काय कळतंय? आपण मना करायचं ना! आता दोन दिवस नुसता मऊ भात. कितीही मागू दे."

भैरूच्या पोटावरून फिरणारा शरदिनीबाईंचा हात थांबला.

"मना करून झालंय रे एकदा," त्या म्हणाल्या. "पोटाचं दुखणं, म्हणून ह्यांना शेवटपर्यंत मऊ भातच भरवला. जायच्या दिवशीसुद्धा चमचाभर खीर मागत होते."