आठच दिस

डॉक्टरनं गुडघ्यात सुई घातली आणि पिचकारीत पू भरून आला. अविराजनं हूं की चूं केलं नाही. फौजेत तेच शिकवतात. डॉक्टरनं सांगितलं, जंतू सांध्यात शिरलाय, हाडाला लागायच्या आत आजच्या आज मिलिटरी हॉस्पिटल गाठा, नाहीतर पाय जाईल.

बापलेक हॉस्पिटलकडं न जाता बारामतीहून तडक कळसला घरी आले.

कारण सरळ होतं. सुट्टीवर आलेला अविराज फौजेत नायक होता आणि हवालदारकीच्या कोर्सची निवड तोंडावर आली होती. सरावात काट्यानं फाटलेला गुडघा त्यानं युनिटात दाखवलाच नव्हता. दाखवला की मेडिकल कॅटेगरी उतरते आणि नाव कटतं. बापानं, कुंडलिकरावांनी, घरात फर्मान काढलं, कुणी कुठं बोलायचं नाही. आठ दिसांचा तर प्रश्न हाय, एकदा नाव लागू दे, मग दाखवू. आईनं, फुलाबाईनं, गुडघ्यावर शाल टाकली. ऐन उन्हाळ्यात शाल, पण विचारणार कोण?

विचारायला रामहरी आला. त्याचं शेत बांधाला बांध लागून. चार वर्षांमागं त्याच्या डाळिंबावर तेल्या रोग पडला, तो त्यानं लपवला, आणि रोग बांध ओलांडून कुंडलिकरावांच्या बागेत शिरला. दोन्ही बागा मुळासकट उपटाव्या लागल्या. तेव्हापासून कुंडलिकराव ही हकिकत डेअरीवर, लग्नात, मयतीत, सगळीकडं सांगत आले. रोग लपवणाऱ्याला जोड्यानं हाणावं, असं त्यांचं मत होतं. रामहरीशी बोलणं बंद.

आता तो अंगणात उभा होता. त्याला कुणी बसा म्हटलं नाही. बांधावरून पळणारा पोरगा चार दिवस दिसला नाही म्हणून आलो, एवढं तो बोलला. मग वाकून त्यानं खाटेवरच्या अविराजच्या गुडघ्यावरची शाल उचलली. गुडघा तट्ट फुगून तेलकट चकाकत होता.

लेकाशेजारी बसलेले कुंडलिकराव उसळले. आठ दिवसांनी आम्ही सगळं दाखवणार आहोत, तोवर गावात तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

रामहरीनं शालीची घडी करून खाटेवर ठेवली.

"व्यापाऱ्यानं माल उचलूस्तवर रोग झाकायचा, कुंडलिकराव. म्या बी आठच दिस म्हणलो हुतो."

कुंडलिकरावांनी बांधाकडं पाहिलं. मग त्यांनी सरकून खाटेवर जागा केली.

"बसा," ते रामहरीला म्हणाले. आणि लेकाला, "लाव फोन तुझ्या सायबाला."