वाळूची बादली

"सावकाश गं बाई," काकू म्हणाल्या, पण तोवर जुने सेल जमा करून घेणाऱ्या दुकानातल्या मुलीने पिशवी काउंटरवर उपडी केली होती.

"सेल आहेत, काचेची भांडी नाहीत," काका हसले. एरवी जेवण झालं की ते आडवे व्हायचे. आज मात्र आवराआवरीची लहर आली आणि सिंकखालची ही पिशवीच त्यांनी आधी उचलली. सोबत येण्यापलीकडे काकूंना काही सुचलं नव्हतं.

मुलगी एकेक सेल उचलून टोकांना चिकटपट्टी लावत होती. मध्येच तिचा हात थांबला. ढिगाऱ्यात एक मोबाइल होता. पाठ टम्म फुगलेली, वर रबराचे दोन वेढे.

"हे रबर कुणी लावलं? फुगलेली बॅटरी अशी आवळायची नसते. पेट घेते."

"हा आमचा नाही," काका म्हणाले आणि वळले. "कुणाचा गं?"

"थोरल्याचा असेल, जुना."

तो धाकट्या लेकीने काकूंना गुपचूप दिला होता आणि त्या तो याच पिशवीत लपवायच्या. तिचं नाव या घरात काढायचं नाही, असं काकांनी बजावलं होतं. रोज दुपारी, ते घोरायला लागले की तिचा फोन यायचा. आवाज बंद असायचा, फोन नुसता थरथरायचा. एके काळी साऱ्या गोतावळ्याचे नंबर काकूंना तोंडपाठ होते. धाकटीचा तेवढा पाठ करायचा राहून गेला.

"त्यातलं कार्ड निघेल का?" त्यांनी विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"काही नाही. टाकवत नाही मेलं."

"हिला फाटकी चप्पलसुद्धा टाकवत नाही!"

मुलीने रबर कापलं. फोन उचलताना त्याची काच उजळली. तिने काकूंकडे पाहिलं आणि फोन हळूच पालथा धरला.

"उघडायला गेलं तर भडकेल, काकू. चांगलाच गरम आहे. आणि असा फोन आम्हाला परतही देता येत नाही."

कोपऱ्यात वाळूने अर्धी भरलेली लोखंडी बादली होती. मुलीने तिच्यात फोन ठेवला आणि वरून वाळू लोटली.

काका मांडणीवरचे बल्ब बघत होते. बादलीतून घरघर ऐकू आली. वाळूला बारीक खळगा पडला, कण घरंगळू लागले.

"हे काय वाजतंय?"

"फ्रिज आहे, काका. जुना झालाय," मुलगी म्हणाली आणि तिने आणखी एक डबाभर वाळू ओतली.

"चल गं," रिकामी पिशवी झटकत काका दाराकडे निघाले.

काकू जागच्या हलल्या नाहीत. वाळू स्थिरावली. मग पुन्हा थरथरायला लागली.