डावीकडचा दांडा

मंजुषा तणतणतच वर्कशॉपात शिरली. "अप्पा, आपल्या डाळमिलची कॉपी मारली कुणीतरी! मुरुडच्या बाजारात इकून राहिलेत, आत्ताच पाहून आले. चला, वकिलाकडं जाऊ."

मन्मथअप्पांनी हातातला पाना खाली ठेवला.

"आपलीच हाय कशावरून?"

"अवो, रंग तेवढा निळा दिलाय. बाकी सगळी हुबेहूब."

"आन् दांडा? दांडा कोण्या बाजूला हाय?"

"डाव्या. तेवढं बदलायचीबी अक्कल न्हाई त्यायला!"

अप्पा ताडकन उठले. कोइम्बतूरच्या ज्या मशीनचा नट न् नट खोलून त्यांनी आपली पहिली डाळमिल उभी केली, तिचा दांडा उजवीकडे होता. तो डावीकडे आणला अप्पांनी. कारण त्या पहिल्या मशीनवर तूर भरडायला उभी राहणार होती कमलम्मा, आणि त्यांची ही बायको पक्की डावखुरी.

"अगं ए, ऐकलं का?" अप्पा घराकडे तोंड करून ओरडले. "जिंदगीभर आपण दुसऱ्याच्या मशीनी खोलल्या, आज कुणीतरी आपली खोलली! गल्लीत पेढे वाट. आन् आज डाव्या हातानंच वाट, कोण काय म्हणतंय ते बघतो मी!"