कोरी चौकट

घड्याळजीच्या टेबलावरच लेकीनं वंशवृक्ष मांडला होता. कॉलेजात सांगितलं होतं, घराण्यात उतरत आलेलं काहीतरी शोधा. तिनं कान निवडले. ज्याला चाळिशीतच ऐकू येईनासं झालं, त्याची चौकट काळी. पणजोबांची झाली, आजोबांची झाली, काकांचीही झाली. "बहिरे कसले? आपल्याकडची माणसं सोयीचं तेवढंच ऐकतात," घड्याळजीनं हसण्यावारी नेलं आणि गिऱ्हाइकाचं घड्याळ सवयीनं कानाला लावलं. आत चिडीचूप. "गेलं हे कामातून," म्हणत त्यानं मागचं झाकण उघडलं. आतलं चाक मजेत डोलत होतं. "बाबा, चालू आहे की! इथवर टिकटिक ऐकू येतेय." त्यानं दुसरा कान लावून पाहिला. चाक डोलतच राहिलं. लेकीची पेन्सिल ओढून घेत त्यानं स्वतःची चौकट काळी केली. खाली लेकीची चौकट कोरी होती. "दे ना पेन्सिल," ती म्हणाली. त्याची मूठ उघडेना.