पट्टी न काढता

"चपलांसारखी मनगटाची पट्टीही दारातच काढा हो, ताई. मनातलं सगळं ती जेवणाच्या नावावर लावते," खानावळवाल्या कुमुदमावशी म्हणाल्या, तेव्हा मृण्मयी नुसती हसली होती.

त्या दिवशी तिचं बाळ तापलं होतं. मावशींनी त्याला मांडीवर घेतलं, म्हणून तिला गरम आमटीभात खाता आला. पण पट्टीनं तिची धडधड मोजली आणि आपोआप अभिप्राय शहरभर पाठवला : 'जेवताना भीती वाटली. एक तारा.'

आज खानावळीला कुलूप होतं. "भीती वाटते म्हटल्यावर कोण येईल जेवायला?" बाहेरचा रिक्षावाला म्हणाला. मृण्मयीला मान वर करवेना.

पट्टी काढून तिनं त्याच अभिप्रायाखाली, शहरभरच्या वाचणाऱ्यांसाठी, पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं लिहिलं : 'भीती बाळाच्या तापाची होती. मावशी फोन उचलत नाहीत आणि घर मला ठाऊक नाही. तुम्हाला असेल, तर जाऊन एकदा हाक माराल का?'