चंद्रहासचा मध्यबिंदू

"तिथं कोण राहतं?" निलाक्षीनं मोबाइल नवऱ्यापुढे आपटला.

वर्षभराच्या फिरण्याचा नकाशावरचा आकार आणि त्याचा मध्यबिंदू आज सगळ्यांच्याच मोबाइलवर आला होता. बहुतेकांचा घरावर पडे. ज्याचा भलतीकडे पडे, त्याच्या घरी भांडण ठरलेलं.

"मी तिकडं पाऊलही टाकत नाही," चंद्रहास म्हणाला.

"मग मशीन खोटं बोलतं?"

"आकार बघ की. बांगडीसारखा आहे. बांगडीचा मध्य बांगडीवर असतो का?"

तिनं संशयानंच नकाशा मोठा केला. त्याच्या सगळ्या वाटा एका जागेला वळसा घालून जात होत्या. बिंदूखाली पोहण्याचा तलाव होता. त्यांचा मुलगा अन्वय बुडाला, तोच.

तिनं स्वतःचा आकार उघडला. बांगडी तशीच होती. बिंदूही तिथंच.