मावसभाऊ

"नाते?" संचालिकाबाईंनी लेखणी उचलली. पुरुषाने पुरुषाशी मांडलेल्या संसारांना स्वस्तात आसरा देणाऱ्या त्या वृद्धनिवासात एकच खोली उरली होती. नियम एवढाच, की नाते दोघांनीही स्वमुखाने सांगावे. जुन्या घराची किल्ली भार्गवरावांनी सकाळीच घरमालकाला परत केली होती.

"सहचर," ते म्हणाले. हा शब्द ते आयुष्यात प्रथमच परक्यासमोर उच्चारत होते.

बाई अच्युतरावांकडे वळल्या. "काका, हे तुमचे कोण?"

अच्युतरावांना हल्ली स्वतःचे आडनावही आठवत नसे. तरी ते ताठ बसले. "मावसभाऊ! सख्ख्या मावशीचा मुलगा. आमच्यात भलतंसलतं काही नाही हो, बाई."

"अच्युता, इथं खरं सांगायचं रे!" भार्गवराव काकुळतीला आले. बाईंनी तीनदा विचारले. तिन्ही वेळा तेच उत्तर, अधिकाधिक ठाम. शेवटी त्यांनी जड मनाने अर्ज परत केला.

बेचाळीस वर्षांपूर्वी, पहिल्या घरमालकाच्या उंबऱ्याशी, भार्गवरावांनीच हे वाक्य अच्युतरावांकडून घोकून घेतले होते.

पायऱ्या उतरताना अच्युतरावांनी हळूच त्यांचा हात दाबला. "चुकलो नाही ना रे? आता खोली देतील ना?"